आधुनिक कोरियाचा इतिहास : ग्रंथ कसे निवडावेत?

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त बंगळूर येथे माजी विद्यार्थी, पालक व वरच्या वर्गांतील विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घेणारी भाषणे या मालेत झाली आहेत आणि पुढेही होतील. मी मात्र एक वेगळाच विषय निवडला आहे. मराठी शाळेच्या समारंभात कोरियाचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आपल्याच घरांत आहे. या शहरातील आपली मुले कोरियन मालिका पाहतात, कोरियन गाणी पाठ म्हणतात, फोनवरून कोरियन लिपी गिरवतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर ज्या परकीय भाषा शिकवता येतील म्हणून नोंदवल्या आहेत, त्यांत कोरियन आहे. ही गोडी वरवरची आहे असे म्हणून वडीलधाऱ्यांनी ती झटकून टाकू नये. गोडीतूनच जिज्ञासा येते, आणि जिज्ञासू विद्यार्थी एक दिवस विचारतो, ‘सर, या देशाचा इतिहास वाचायचा आहे, कोणते पुस्तक घेऊ?’ या एका प्रश्नाचे उत्तर देण्याचा आज माझा प्रयत्न आहे.

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. कोरियाचा आधुनिक इतिहास आणि आपला इतिहास यांच्या तारखा एकमेकींना चमत्कारिक रीतीने स्पर्श करतात. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्यात विलीन करून घेतला. आपला १५ ऑगस्ट १९४७चा. कोरियाचाही मुक्तिदिन १५ ऑगस्टच, पण १९४५चा. आपली फाळणी एका रेषेने झाली, तशी त्यांचीही झाली. जपान शरण येण्याच्या बेतात असताना, १९४५च्या ऑगस्टमधील एका रात्री, डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी एक नकाशा पुढे घेऊन अडतिसाव्या अक्षांशावर रेषा सुचवली. तेव्हा त्यांच्या मनात एवढेच होते, की उत्तरेकडील जपानी सैन्याची शरणागती रशियनांनी घ्यावी आणि दक्षिणेकडील अमेरिकनांनी. ती तात्पुरती रेषा पुढे दोन राज्यांची सीमा झाली, तीन वर्षे चाललेल्या युद्धाचे कारण झाली, आणि थोडीशी सरकून आजही तिथेच आहे. ज्यांच्या देशावर ती ओढली गेली, त्यांना कोणी विचारले नाही.

अशा देशाचा इतिहास अनेकांनी आपापल्या सोयीने लिहिला. जपानी राजवटीने लिहिला तो मागासलेल्या कोरियाला आम्ही आधुनिक केले हे सांगण्यासाठी. प्योंगयांगच्या सरकारने लिहिला तो किम घराण्याच्या पराक्रमाची गाथा म्हणून. सेऊलच्या लष्करी राजवटींनी लिहिला तो साम्यवादाच्या भीतीच्या छायेत. अमेरिकेत आणि सोव्हिएत संघातही त्या त्या काळच्या शीतयुद्धाला सोयीचे ग्रंथ तयार झाले. ही कुरबूर आजही संपलेली नाही. दक्षिण कोरियात २०१५ साली सरकारने शाळांसाठी इतिहासाचे एकच सरकारी पाठ्यपुस्तक आणण्याचे ठरवले, त्यावरून मोठे आंदोलन उभे राहिले, आणि २०१७ साली सत्तांतर होताच तो निर्णय रद्द झाला. तेव्हा कोरियाच्या इतिहासाचे पुस्तक हाती घेणे म्हणजे एका चालू वादात पाऊल टाकणे होय.

मराठी वाचकाला अशा वादाची सवय आहे, आणि ती आपली मोठी पुंजी आहे. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आपल्या पिढ्यांना शिकवला. बखर खोटीच असते असे नाही. पण ती कोणी, कोणासाठी, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, हे ठाऊक असल्याशिवाय तिच्यावर भार टाकता येत नाही. याचे उदाहरण शोधायला आपल्याला या शहराबाहेर जावे लागत नाही. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबाराचे वर्णन करणारे जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य राजवाड्यांनीच विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. ते आश्रयदात्याच्या स्तुतीचे काव्य आहे. म्हणून ते त्याज्य ठरले नाही. त्यात दरबार, भाषा, माणसे यांविषयी जे सहज येऊन जाते ते राजवाड्यांनी वेचले आणि स्तुतीला स्तुतीच्या जागी ठेवले. हीच दृष्टी कोरियाविषयीच्या ग्रंथांकडे पाहताना ठेवायची आहे. ती वापरण्यासाठी पाच कसोट्या सुचवतो.

पहिली कसोटी प्रकाशनवर्षाची. पुस्तक उघडताच आपण नाव पाहतो, मुखपृष्ठ पाहतो; वर्ष क्वचितच पाहतो. १९३०च्या दशकात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. त्यापूर्वी लिहिलेला मराठ्यांचा इतिहास आणि त्यानंतरचा, यांत अंतर असणारच. कोरियाच्या बाबतीत असे वर्ष १९९४ आहे. २५ जून १९५० रोजी युद्ध सुरू झाले. ते कोणी सुरू केले यावर चाळीस वर्षे वाद चालला. दक्षिणेनेच प्रथम हल्ला केला असे उत्तर कोरिया व सोव्हिएत संघ सांगत होते. अमेरिकेतही आय. एफ. स्टोन या पत्रकाराने १९५२ साली पुस्तक लिहून अधिकृत हकिकतीवर शंका घेतली होती. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, १९९४ साली, रशियाच्या अध्यक्षांनी दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांना मॉस्कोच्या दफ्तरातील कागदांचा एक संच दिला. कॅथरीन वेदर्सबी यांच्यासारख्या अभ्यासकांनी असे कागद इंग्रजीत आणले. किम इल-सुंग यांनी १९४९पासून स्टालिनकडे दक्षिणेवर चढाईची परवानगी पुनःपुन्हा मागितली आणि १९५०च्या आरंभी ती मिळाली, हे त्यांवरून स्पष्ट झाले. म्हणून त्यापूर्वीचे पुस्तक युद्धाच्या आरंभाविषयी काहीही सांगत असले, तरी त्याला नंतरच्या पुस्तकाची जोड द्यावी.

मात्र जुने पुस्तक म्हणजे निकामी पुस्तक, असाही अर्थ काढू नये. ब्रूस कमिंग्ज यांच्या ‘द ओरिजिन्स ऑफ द कोरियन वॉर’ या ग्रंथाचे दोन खंड १९८१ व १९९० साली, म्हणजे हे कागद बाहेर येण्यापूर्वी निघाले. युद्ध पेटवण्याच्या निर्णयाविषयी त्यांचे विवेचन आज अपुरे वाटते. परंतु १९४५च्या शरद ऋतूत गावोगावी लोकसमित्या कशा उभ्या राहिल्या, जमीनदार आणि कुळे यांच्यातला ताण किती खोल होता, जपान्यांच्या हाताखालचे पोलीस नव्या राजवटीत पुन्हा कसे जागेवर बसले, हे त्यांनी ज्या बारकाईने मांडले आहे, त्याला आजही तोड नाही. गोळी कोणी झाडली हा एक प्रश्न. दारू कशी साठली हा दुसरा. दोन्हींची उत्तरे एकाच पुस्तकात मिळतील असे नाही.

दुसरी कसोटी भाषेची आणि साधनांची. लेखकाला कोरियन भाषा येते का? पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या साधनांच्या यादीत कोरियन कागद, कोरियन वर्तमानपत्रे, कोरियन माणसांच्या मुलाखती आहेत का? मोडी न वाचता आणि मराठीचा गंध नसताना, केवळ ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रांवरून कोणी पेशवाईचा इतिहास लिहिला तर तो आपण जपूनच वाचू. युद्धाविषयीच्या इंग्रजी पुस्तकांत अशी बरीच आहेत. मॅक्स हेस्टिंग्ज यांचे १९८७चे ‘द कोरियन वॉर’ वाचनीय आहे. लढायांचे वर्णन त्यात उत्तम उतरले आहे. पण ते मुख्यतः बाहेरून आलेल्या सैनिकांच्या नजरेतले युद्ध आहे. ज्यांच्या शेतांतून त्या फौजा गेल्या, ते लोक त्यात मागे राहतात. त्याच युद्धाचा आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अंगाने विचार करायचा असेल, तर विल्यम स्ट्यूक यांचा १९९५चा ग्रंथ घ्यावा. युद्ध थांबवण्याच्या वाटाघाटींत भारताचा वाटा काय होता, हेही त्यात पाहता येते.

तिसरी कसोटी अशी, की पुस्तकात कोणाचा आवाज ऐकू येतो आणि कोणाचा नाही. दक्षिण कोरियाच्या आर्थिक उत्कर्षाच्या कथा आपल्याकडे फार आवडीने सांगितल्या जातात. १६ मे १९६१ रोजी लष्करी उठाव करून सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांच्या कारकिर्दीत देश गरिबीतून वर आला, हे खरेच आहे. सरकार आणि मोठे उद्योगसमूह यांनी ते कसे घडवले, हे ॲलिस ॲम्सडेन यांच्या १९८९च्या ‘एशियाज नेक्स्ट जायंट’मध्ये समजते. पण त्याच काळात, १३ नोव्हेंबर १९७० रोजी, सेऊलच्या कापडबाजारात चोन ते-इल नावाच्या बावीस वर्षांच्या शिंप्याने, कामगार कायदे कागदावरच राहिल्याच्या निषेधार्थ स्वतःला पेटवून घेतले. तिथल्या शिवणखोल्यांत कोवळ्या वयाच्या मुली पहाटेपासून रात्रीपर्यंत काम करीत होत्या. जे पुस्तक निर्यातीचे आकडे देते आणि चोन ते-इलचे नावही घेत नाही, ते अर्धे पुस्तक आहे. हेगन कू यांचे ‘कोरियन वर्कर्स’ हे २००१चे पुस्तक उरलेला अर्धा भाग सांगते. गिरणगावाची आठवण असलेल्या मराठी माणसाला हे दोन्ही भाग एकत्र वाचावेत हे सांगण्याची गरज नसावी.

मे १९८०मधील ग्वांगजू शहराच्या उठावाचेही तेच. लष्कराने तो चिरडला, आणि पुढची कित्येक वर्षे तो दंगेखोरांचा, साम्यवाद्यांनी चिथावलेला उठाव होता असे सांगितले गेले. १९८५ साली त्या दहा दिवसांची हकिकत पुस्तकरूपाने निघाली तेव्हा तिच्यावर बंदी आली. तिचे प्रमुख लेखक ली जे-उइ यांच्या नावाने ती १९९९ साली ‘क्वांगजू डायरी’ म्हणून इंग्रजीत आली. लोकशाही आल्यानंतर चौकशी झाली, दोन माजी राष्ट्राध्यक्षांना न्यायालयाने १९९६ साली दोषी ठरवले, आणि २०११ साली त्या उठावाची कागदपत्रे युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात नोंदली गेली. बंदी घातलेले पुस्तक ते जपून ठेवण्याजोगा वारसा, हा प्रवास तीस वर्षांत झाला. २०२४ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या हान कांग यांची ‘ह्यूमन ॲक्ट्स’ ही कादंबरी याच घटनेवर आहे. कादंबरी इतिहासाच्या जागी ठेवू नये. पण मृतांच्या आप्तांच्या मनावर त्या घटनेचा भार काय होता, हे इतिहासाच्या पुस्तकापेक्षा ती अधिक सांगते.

उत्तर कोरियाच्या बाबतीत ही कसोटी फार कडक लावावी लागते, कारण तिथल्या सामान्य माणसाला मोकळेपणाने बोलताच येत नाही. बार्बरा डेमिक यांचे ‘नथिंग टु एन्व्ही’ हे चोंगजिन शहरातून निसटलेल्या सहा माणसांच्या मुलाखतींवर आधारलेले पुस्तक अंतःकरण हलवून सोडते. ते अवश्य वाचावे. वाचताना एवढेच लक्षात ठेवावे, की देश सोडून गेलेल्यांची ही साक्ष आहे; मागे राहिलेल्यांची साक्ष अजून कोणी घेतलेली नाही. त्याला जोड म्हणून आंद्रेई लान्कोव यांचे २०१३चे ‘द रिअल नॉर्थ कोरिया’ घ्यावे. हे लेखक सोव्हिएत संघातले. १९८०च्या दशकात प्योंगयांगच्या विद्यापीठात विद्यार्थी म्हणून राहिलेले. ती राजवट वेडी नसून स्वतःच्या टिकावाचा थंड हिशेब करणारी आहे, हे ते दाखवतात.

चौथी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्वतःच्या बाजूला अडचणीचा ठरणारा पुरावा लेखक पुढे ठेवतो का? कार्टर एकर्ट यांच्या ‘ऑफस्प्रिंग ऑफ एम्पायर’ या १९९१च्या ग्रंथाचे उदाहरण घ्या. कोरियन भांडवलशाहीची मुळे जपानी राजवटीच्या काळात शोधून, एक प्रतिष्ठित कोरियन उद्योगघराणे त्या राजवटीच्या साहाय्याने कसे वाढले, हे त्यांनी कागदोपत्री दाखवले. त्यामुळे कोरियन राष्ट्राभिमान दुखावला. पण जपानने कोरियाचे भले केले असा निष्कर्ष त्यातून काढण्याची सोयही त्यांनी ठेवली नाही. अशा पुस्तकावर दोन्ही पक्ष रागावतात. दोन्ही पक्षांचा राग हे सत्याचे प्रमाण नव्हे, तरी पुस्तक निवडताना त्या रागाची नोंद घ्यावी.

पाचवी कसोटी अगदी सोपी आहे : एकच पुस्तक कधी घेऊ नका. एका घटनेवर परस्परांशी न पटणारी दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचा.

आता या कसोट्या आपण परक्यांनाच लावायच्या, की आपल्या माणसांनाही? कोरियाच्या इतिहासात आपली माणसे आहेत आणि ती अगदी मध्यभागी आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९४८च्या आरंभी संयुक्त राष्ट्रांच्या कोरियाविषयक आयोगाचे अध्यक्ष होते के. पी. एस. मेनन. केवळ दक्षिणेत निवडणुका घेतल्या तर देशाची फाळणी पक्की होईल, अशी भीती त्यांना होती. तरीही अखेर भारताचे मत त्या निवडणुकांच्या बाजूने पडले. ‘मेनी वर्ल्ड्स’ या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मेनन यांनी मान्य केले आहे, की या निर्णयात मो युन-सुक या कोरियन कवयित्रीच्या स्नेहाचा प्रभाव होता आणि त्यांच्या हृदयाने बुद्धीवर मात केली होती. एवढ्या मोठ्या मुत्सद्द्याने स्वतःविषयी असे लिहावे, यामुळे त्यांच्या बाकीच्या कथनावरचा आपला विश्वास वाढतो. चौथ्या कसोटीचे याहून चांगले भारतीय उदाहरण मला आठवत नाही.

त्यानंतरचा प्रसंग आपल्या अधिक जवळचा आहे. शस्त्रसंधीची बोलणी जुलै १९५१मध्ये सुरू झाली, आणि युद्धकैद्यांच्या प्रश्नावर दीर्घकाळ अडून राहिली. मायदेशी परत जाण्यास नकार देणाऱ्या कैद्यांचे काय करायचे? भारताने संयुक्त राष्ट्रांत मांडलेल्या ठरावाने तोडग्याची दिशा दाखवली. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे शस्त्रसंधी झाली, आणि अशा कैद्यांसाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, म्हणजे कोडगूचे सुपुत्र आणि याच शहरातील बिशप कॉटन शाळेचे विद्यार्थी. कैद्यांवर पहारा ठेवण्यासाठी सुमारे सहा हजार भारतीय सैनिक गेले. त्यांचे प्रमुख होते कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात.

या सैनिकांनी आपल्या भूमीवर पाय ठेवता कामा नये, असा दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांचा हट्ट होता. म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तिथे त्यांनी वसवलेल्या छावणीचे नाव ‘हिंद नगर’. त्यांच्या ताब्यात एका बाजूने आलेले बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैदी होते आणि दुसऱ्या बाजूने आलेले ३५९, ज्यांत २३ अमेरिकन होते. छावण्यांत कैद्यांच्याच संघटनांचा दरारा होता. कोणाचा नकार मनापासूनचा आणि कोणाचा धाकाने आलेला, हे ठरवणे फार अवघड होते. एका भारतीय अधिकाऱ्याला कैद्यांनी कुंपणाच्या आत पकडून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः निःशस्त्र आत गेले आणि त्याला सोडवून आणले.

हे वाचताना ऊर भरून येतो, आणि तो येऊ द्यावा. पण त्याच छावणीत भारतीय पहारेकऱ्यांच्या गोळीबारात काही कैदी मरण पावले, हेही आपण वाचलेच पाहिजे. थोरातांचे ‘फ्रॉम रेव्हेली टु रिट्रीट’ आणि थिमय्यांचे ‘एक्स्परिमेंट इन न्यूट्रॅलिटी’ ही दोन्ही पुस्तके प्रत्यक्षदर्शींची म्हणून मोलाची आहेत. आणि प्रत्यक्षदर्शींची म्हणूनच ती इतरांच्या हकिकतींशी ताडून पाहावीत. त्या आयोगाचाच दाखला पुरेसा आहे. पाच राष्ट्रांचे प्रतिनिधी एकाच ठिकाणी बसले, त्यांनी तेच कैदी पाहिले, आणि डिसेंबर १९५३च्या अखेरीस अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा भारत, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांचा एक अहवाल झाला आणि स्वीडन व स्वित्झर्लंड यांचा दुसरा. तटस्थ म्हणून नेमलेल्या माणसांचे जिथे एकमत झाले नाही, तिथे एका पुस्तकाच्या आधारावर आपण ठाम मत कसे बनवावे?

आता काही व्यावहारिक सूचना. आरंभ कोठून करावा? शाळेच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने प्रथम मायकेल रॉबिन्सन यांचे ‘कोरियाज ट्वेन्टिएथ-सेंच्युरी ओडिसी’ घ्यावे. ते आटोपशीर आहे, दोन्ही कोरियांना जागा देते आणि जपानी राजवटीचा काळ नीट समजावते. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने त्यानंतर डॉन ओबरडॉर्फर यांचे ‘द टू कोरियाज’ वाचावे. पत्रकाराने लिहिलेले असल्यामुळे ते भराभर वाचून होते. रॉबर्ट कार्लिन यांच्या साहाय्याने सुधारलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी. मग कमिंग्ज, स्ट्यूक, एकर्ट. डेमिक यांचे पुस्तक कोणत्याही टप्प्यावर वाचता येईल.

नावांच्या बाबतीत एक अडचण येते. कोरियन नावे रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत २००० साली दक्षिण कोरियाच्या सरकारने बदलली. म्हणून जुन्या पुस्तकातला ‘क्वांगजू’ नव्यात ‘ग्वांगजू’ होतो, ‘पुसान’चा ‘बुसान’ होतो. ‘बँगलोर’चे ‘बेंगळुरू’ झालेले आपण पाहिले आहे. ग्रंथालयाच्या सूचीत शोधताना दोन्ही रूपांनी शोधावे. कब्बन पार्कमधील लाल इमारतीतले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, चर्च स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत. विकत घेण्यापूर्वी तिथे उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात : प्रकाशनवर्ष, शेवटची साधनांची यादी आणि नामसूची. नामसूचीत जेजू, ग्वांगजू, चोन ते-इल ही नावे आहेत का ते पाहा. १९४८ साली जेजू बेटावर उठाव झाला आणि तो दडपताना हजारो गावकरी मारले गेले. दक्षिण कोरियात त्याविषयी पुढे कित्येक दशके उघड बोलता येत नव्हते. ही तीन नावे नसतील तर पुस्तक बाजूला ठेवायला हरकत नाही. या परीक्षेला पाच मिनिटे पुरतात.

शेवटी एक गोष्ट सांगतो, कारण ही मराठी शाळा आहे आणि ती महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांसमोर सांगण्याजोगी आहे. जपानी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत कोरियन शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली. १९४०पासून लोकांना जपानी धर्तीची नावे घेण्यास भाग पाडले गेले. त्याच काळात काही अभ्यासक आपल्या भाषेचा मोठा कोश रचत होते. १९४२च्या ऑक्टोबरपासून त्यांची धरपकड सुरू झाली. दोघे तुरुंगात मरण पावले. कोशाचे हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले आणि पुढे बेपत्ता झाले. स्वातंत्र्य मिळाल्यावर, सप्टेंबर १९४५मध्ये, सेऊल रेल्वे स्थानकाच्या गोदामात ते कागद सापडले. १९४७ साली कोशाचा पहिला खंड निघाला आणि १९५७ साली सहावा.

ज्यांनी तो कोश रचला, त्यांना आपल्या भाषेत फक्त बोलता यावे एवढेच नको होते. जगातले सारे ज्ञान त्या भाषेत मांडता यावे असे त्यांना वाटत होते. आपली शाळाही गेली साठ वर्षे याच विश्वासावर चालली आहे. आपल्यावर कोणी बंदी घातलेली नाही. आपल्या हातून भाषा सुटली तर ती केवळ आळसामुळे सुटेल. मी आज ज्या ग्रंथांची नावे घेतली, ती सर्व इंग्रजी आहेत, याची खंत मला बोलताना सतत जाणवत होती. म्हणून या व्यासपीठावरून दोन विनंत्या करतो. पहिली शाळेच्या ग्रंथालयाला : हीरक महोत्सवाच्या निधीतून एक लहानसे कपाट कोरियासाठी राखावे, आणि त्यात प्रत्येक मोठ्या प्रश्नावर एकमेकांशी भांडणारी दोन पुस्तके शेजारी ठेवावीत. दुसरी विनंती समोर बसलेल्या मुलामुलींना : तुमच्यापैकी जो किंवा जी आज गाण्यांसाठी कोरियन अक्षरे गिरवत आहे, तिने ती भाषा नीट शिकावी, कोरियन साधने मुळातून वाचावीत, आणि थोरातांची छावणी जिथे होती त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचा इतिहास मराठीत लिहावा. ते पुस्तक निघेल तेव्हा त्यालाही याच पाच कसोट्या लावा. लेखिका आपल्या शाळेची आहे म्हणून तिला सूट देऊ नका.